‘नातेवाईक बाहेर!’ : शिकणारी परिचारिका आणि पेशंटचे घर

सरकारी रुग्णालयाच्या कोणत्याही वॉर्डात डॉक्टरांच्या राऊंडची वेळ झाली की एक आरोळी ठरलेली असते : ‘नातेवाईक बाहेर!’ मग डबा, चादर आणि केस पेपरची पिशवी उचलून माणसे जिन्यात जाऊन बसतात. राऊंड संपतो आणि तीच माणसे पुन्हा आत येतात. लघवीची पिशवी रिकामी करतात, सलाईन संपत आले की सिस्टरांना हाक मारतात, पेशंटला कुशीवर वळवतात, ट्रॉली ढकलत एक्स-रेला नेतात. म्हणजे काम करायला नातेवाईक हवा, पण डॉक्टर काय बोलले हे ऐकायला नको. आपल्या वस्त्यांतली बहुतेक घरे या अनुभवातून गेलेली आहेत.

याच वॉर्डात आणखी एक चेहरा असतो. पांढऱ्या किंवा निळ्या गणवेशातली, हातात वही घेतलेली शिकाऊ परिचारिका. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन, बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा. या वर्गांत आज आपल्या समाजाच्या मुली मोठ्या संख्येने आहेत, मुलगेही येऊ लागले आहेत. अनेक घरांत ही पहिली पगाराची नोकरी असते. त्यामुळे ‘नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना काय शिकवावे आणि पेशंटच्या घरच्यांना आधार कसा द्यावा’ हा प्रश्न आपल्याला दोन्ही बाजूंनी लागू होतो. खाटेजवळ बसलेली आई आपली आहे आणि तिला बाहेर जायला सांगणारी मुलगीही आपलीच आहे. या विषयावर देशात आणि परदेशात झालेले काही चांगले संशोधन आम्ही या वेळी वाचकांपुढे ठेवत आहोत. त्यातले सगळे निष्कर्ष गोड नाहीत, हे आधीच सांगतो.

दहा मिनिटांत काय शिकवता येते

अर्धांगवायूच्या पेशंटचे उदाहरण घेऊ, कारण घरच्यांच्या हातून होणाऱ्या चुका इथे सर्वांत जास्त महागात पडतात.

झटका आल्यानंतर अनेकांची गिळण्याची ताकद कमी होते. बाहेरून ते दिसत नाही. पेशंट ‘पाणी पाणी’ करतो, घरच्यांचा जीव तुटतो आणि आडव्या माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी घातले जाते. ते पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते. दोन-तीन दिवसांनी ताप येतो, छाती घरघरते, न्यूमोनिया होतो. पेशंट झटक्यातून वाचतो आणि न्यूमोनियाने जातो, असे घडते. गिळणे नीट होते की नाही हे तपासेपर्यंत तोंडाने काही देऊ नये, द्यायचे तेव्हा पाठ सरळ करून बसवावे, हनुवटी जरा खाली, घास छोटा, आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा नाही, खोकला आला की लगेच थांबावे आणि जेवणानंतर अर्धा तास तरी बसवून ठेवावे. एवढे सांगायला किती वेळ लागतो?

दुसरी गोष्ट कूस बदलण्याची. माकडहाड, टाच, खुबा या ठिकाणी हाडावर कातडी ताणलेली असते. पेशंट तासन् तास एकाच बाजूवर राहिला की तिथला रक्तपुरवठा थांबतो, आधी लाल डाग पडतो, मग कातडी फुटते. लाल डाग दाबून पाहिल्यावर पांढरा होत नसेल तर जखमेची सुरुवात झाली आहे. दर दोन तासांनी कूस बदलणे, चादर कोरडी ठेवणे आणि तिच्या सुरकुत्या काढणे हा उपाय आहे. त्या लाल डागावर जोरजोरात मालिश करणे हा उपाय नाही, त्याने नुकसान होते. तिसरी गोष्ट म्हणजे लुळा पडलेला हात धरून पेशंटला कधीही ओढून उठवू नये; खांदा निखळतो आणि ते दुखणे महिनोन् महिने जात नाही.

हे सारे इंचार्ज सिस्टरांना माहीत असते. पण भारतीय परिचर्या परिषदेच्या जुन्या निकषाप्रमाणे शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्रपाळीला आपल्या जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये जाऊन कोणीही मोजून पाहावे. त्या बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. शिकाऊ मुलीकडे मात्र थोडा वेळ असतो आणि घरच्यांना शिकवणे हा तिच्या शिक्षणाचाच भाग आहे. अभ्यासक्रमात ‘आरोग्य शिक्षण’ आहे, त्याचे गुणही आहेत. प्रत्यक्षात काय होते? रंगीत तक्ता तयार होतो, बाईंसमोर तो वाचून दाखवला जातो, फाईलवर सही होते आणि तक्ता कपाटात जातो. ज्या मावशीला रात्री दोन वाजता कूस बदलायची आहे, तिच्यापर्यंत त्यातला एक शब्द पोचत नाही.

शिकवण्याची एक साधी पद्धत जगभर मान्य झाली आहे. सांगून झाल्यावर ‘समजलं का?’ असे विचारायचे नाही. त्याला सगळे ‘हो’ म्हणतात, आपल्याकडे तर जरा जास्तच, कारण मोठ्या माणसापुढे ‘नाही समजलं’ म्हणायची लाज वाटते. त्याऐवजी विचारायचे : ‘मावशी, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर बाबांना जेवू कसं घालाल, करून दाखवा बरं.’ नातेवाइकाला जमले नाही तर ते शिकवणाऱ्याचे अपयश धरायचे आणि पुन्हा सांगायचे. अशा प्रकारे वॉर्डातच परिचारिकेने नातेवाइकांचे छोटे वर्ग घेण्याचा उपक्रम नूरा हेल्थ या संस्थेने सरकारांबरोबर पंजाब, कर्नाटक, मध्य प्रदेश आणि आपल्या महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत चालवला आहे. बाळंतिणीच्या वॉर्डात आई, सासू आणि नवरा यांना एकत्र बसवून नाळेची काळजी, अंगावर पाजणे, धोक्याची लक्षणे शिकवली जातात. सासूला सोबत बसवणे ही त्यातली खरी हुशारी, असे आम्हाला वाटते. घरी गेल्यावर निर्णय कोणाचा चालतो, हे सांगायला नको.

बाळाजवळ आई

नवजात बाळांच्या बाबतीत तर पुरावा भक्कम आहे. कमी वजनाचे बाळ जन्मले की ते काचेच्या पेटीत आणि आई दुसऱ्या वॉर्डात, ही आपल्याकडची रीत. कारण काय, तर घरची माणसे आत आली की जंतुसंसर्ग होईल. नवी दिल्लीच्या डॉ. राम मनोहर लोहिया रुग्णालयात याची रीतसर परीक्षा झाली. २९५ आजारी नवजात बाळांचे चिठ्ठी पद्धतीने दोन गट केले. एका गटाच्या आई-वडिलांना हात धुण्यापासून बाळाला स्वच्छ करणे, पाजणे, धोका ओळखणे इथपर्यंत शिकवून बाळाजवळ येऊ दिले. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : संसर्गात फरक पडला नाही. निव्वळ आईच्या दुधावर घरी जाणारी बाळे मात्र शिकवलेल्या गटात ८०.४ टक्के होती आणि दुसऱ्या गटात ६६.७ टक्के. पुढे केंद्र सरकारने याच धर्तीवर नवजात कक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

त्याहून मोठा अभ्यास २०२१ साली आला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील रुग्णालयांत, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने. भारतातले केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय. एक किलोपासून १.८ किलोच्या आतली ३२११ बाळे. अर्ध्या बाळांना जन्मल्याबरोबर, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवले. त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता कक्षात आणली. आई दमली तर घरातले दुसरे माणूस बाळ धरी. २८ दिवसांत या गटातली १२ टक्के बाळे दगावली, नेहमीच्या पद्धतीच्या गटातली १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला.

‘नातेवाईक बाहेर’ या आरोळीची किंमत कधी कधी एवढी असते.

जिथे यश आले नाही

आता कडू भाग. पुन्हा अर्धांगवायूकडे येऊ. भारतातल्या १४ रुग्णालयांत ‘अटेंड’ नावाचा मोठा अभ्यास झाला. १२५० पेशंट. निम्म्यांच्या घरच्या एका माणसाला रुग्णालयात असतानाच व्यायाम, हालचाली, रोजची कामे शिकवली आणि घरी गेल्यावरही दोन महिन्यांपर्यंत मार्गदर्शन चालू ठेवले. आशा अशी की फिजिओथेरपिस्ट गावोगावी नाहीत, तर घरचे माणूसच ते काम करील. सहा महिन्यांनी मोजले तेव्हा मृत्यू पावलेले किंवा परावलंबी झालेले पेशंट शिकवलेल्या गटात ४७ टक्के आणि न शिकवलेल्या गटातही ४७ टक्केच. निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

मग आम्ही वर अर्धांगवायूच्या पेशंटविषयी एवढे लिहिले ते फुकट का? नाही. घास घालताना ठसका लागू न देणे, जखम होऊ न देणे हे नुकसान टाळण्याचे काम आहे आणि ते घरच्यांना यायलाच हवे. पण लुळा पाय पुन्हा चालता करणे हे वेगळे काम आहे. त्यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो आणि सरकारने तो द्यायला हवा. ‘अटेंड’मधून आम्ही हाच धडा घेतो. घरच्यांना शिकवणे एक आणि दवाखान्याचे काम घरच्यांच्या गळ्यात घालणे दुसरे. कुटुंबाच्या सहभागाचे गोडवे गात पदे रिक्त ठेवायची, ही युक्ती चालू द्यायची नाही. शिवाय ‘घरचे माणूस’ म्हणजे कोण? बहुतेक वेळा सून, बायको किंवा दहावीतली मुलगी. तिची मजुरी बुडते, शाळा बुडते. ज्याच्या घरात रोजच्या कमाईवर चूल पेटते, त्याला पेशंटजवळ महिनाभर बसण्याची किंमत कळते. कागदावर मात्र हे काम फुकट असते.

बोलणे शिकवता येते का?

१९७९ साली अमेरिकेतल्या नॅन्सी मोल्टर या परिचारिकेने एक साधी गोष्ट केली. अतिदक्षता विभागातल्या पेशंटच्या ४० नातेवाइकांपुढे ४५ गरजांची यादी ठेवली आणि यातले तुम्हाला सर्वांत महत्त्वाचे काय, असे विचारले. वरच्या क्रमांकावर आले ते असे : आशा आहे असे वाटणे, इथल्या लोकांना आपल्या माणसाची काळजी आहे असे जाणवणे, प्रश्नांना खरे उत्तर मिळणे, प्रकृतीत बदल झाला तर घरी कळवले जाणे, बसायची जागा पेशंटजवळ असणे. आपल्या जिन्यात बसलेल्या माणसाला विचारले तर याहून वेगळे काय सांगेल?

फ्रान्समध्ये २२ अतिदक्षता विभागांत असा प्रयोग झाला की ज्यांचे माणूस आता वाचणार नाही, अशा १२६ पेशंटांच्या घरच्यांपैकी अर्ध्यांशी ठरवून, शांतपणे बैठक घ्यायची. त्यांच्या म्हणण्याला मान द्यायचा, त्यांचे दुःख मान्य करायचे, ऐकून घ्यायचे, पेशंट माणूस म्हणून कसा होता हे विचारायचे, प्रश्न विचारायला लावायचे, आणि शोकाविषयी एक पुस्तिका हातात द्यायची. नेहमीच्या बैठकीत घरचे सरासरी ५ मिनिटे बोलत, या बैठकीत १४ मिनिटे. तीन महिन्यांनी मानसिक आघाताची लक्षणे या गटातल्या ४५ टक्के नातेवाइकांत आढळली, दुसऱ्या गटात ६९ टक्के. औषध नाही, यंत्र नाही. नऊ मिनिटे जास्त बोलू दिले.

पण हे वर्गात शिकवून येते का, याचे उत्तर सरळ नाही. अमेरिकेत ३९१ शिकाऊ डॉक्टर आणि प्रगत शिक्षण घेणाऱ्या ८१ परिचारिका यांच्यावर एक अभ्यास झाला. काहींना चार-चार तासांची आठ सत्रे देऊन, खोटे पेशंट आणि खोटे नातेवाईक समोर बसवून, वाईट बातमी कशी सांगावी याचा सराव करून घेतला. २०१३ साली निष्कर्ष आला : खऱ्या पेशंटांना आणि त्यांच्या घरच्यांना बोलण्यात सुधारणा जाणवली नाही. उलट, प्रशिक्षण घेतलेल्यांच्या पेशंटांत उदासीनतेची लक्षणे किंचित जास्तच आढळली. पिट्सबर्गच्या पाच अतिदक्षता विभागांत २०१८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग निराळा होता. तिथे त्याच विभागातल्या परिचारिकांना तयार करून रोज कुटुंबाला भेटण्याचे काम नेमून दिले. सहा महिन्यांनंतर नातेवाइकांच्या मनावरचा ताण कमी झाला नव्हता, पण संवाद चांगला होता असे त्यांनी सांगितले.

आम्हाला यातून दिसते ते असे : नाटकातला नातेवाईक रडतो, पण त्याच्या खिशात परतीच्या एसटीचे पैसे आहेत की नाहीत याची काळजी त्याला नसते. खऱ्या वॉर्डात, खऱ्या माणसाजवळ, अनुभवी सिस्टर शेजारी उभी असताना जे शिकले जाते त्याची जागा वर्गातला सराव घेऊ शकत नाही. आणि शिकलेल्या मुलीला ते वापरायला वेळ दिला नाही तर शिक्षण वहीतच राहते.

आपल्या मुलींकडे इथे एक गोष्ट आहे, जिला त्या स्वतःच कमी लेखतात. जीएनएम आणि बी.एस्सी.चे शिक्षण इंग्रजीतून. पहिल्या वर्षी त्या भाषेने रडवलेल्या मुली आम्हाला माहीत आहेत. पण वॉर्डातल्या आजीला ‘डिहायड्रेशन’ सांगून काय कळणार? ‘आजी, लेकराची टाळू खोल गेलीय का, लघवी कमी झालीय का, डोळे आत गेलेत का बघा’ हे वऱ्हाडीत, अहिराणीत, मराठवाडी बोलीत सांगता येणे हे कौशल्य आहे. ते कोणत्याही पुस्तकात मिळत नाही आणि वस्तीतून आलेल्या मुलीजवळ ते जन्मापासून असते. शहाण्या शिक्षिकेने त्याला गुण द्यावेत. दुसऱ्या बाजूने एक स्पष्ट बोलू : गणवेश अंगावर आला की आपल्यातल्याही काहींचा आवाज चढतो, पेशंटच्या कपड्यांवरून त्याच्याशी ‘अरे-तुरे’ होते. ते आपण ज्यांच्याकडून सोसले, त्यांच्याकडूनच शिकलो आहोत.

तथागतांची पाच लक्षणे

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्खूची कथा आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या अखेरच्या खंडात ती घेतली आहे, म्हणून बहुतेकांना ती ठाऊक आहे. तो भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. कारण, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला लावले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून खाटेवर निजवले. मग भिक्खूंना जमवून विचारले की इथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्ही एकमेकांचे केले नाही तर कोण करणार?

कथा आपण सांगतो, पण तिथेच पुढे दिलेली सेवा करणाऱ्याची पाच लक्षणे फारशी सांगत नाही. त्याला औषध तयार करता आले पाहिजे. पेशंटला काय चालते आणि काय चालत नाही हे त्याला कळले पाहिजे. त्याची सेवा मैत्रीच्या भावनेने हवी, लाभासाठी नको. मलमूत्र, थुंकी, ओकारी उचलताना त्याला किळस येऊ नये. आणि वेळोवेळी पेशंटशी बोलून त्याला धीर देता आला पाहिजे. जे काम या देशात जातीवर टाकून ‘घाण’ ठरवले गेले, ते इथे गुणांच्या यादीत आहे आणि बोलण्याच्या कौशल्याच्या शेजारी आहे. सावित्रीमाई प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या, हे याच वाटेवरचे आहे.

विहारात काय करता येईल

बऱ्याच विहारांत रविवारी वंदनेनंतर तासभर जागा रिकामी असते. वस्तीत नर्सिंग करणारी एखादी मुलगी किंवा निवृत्त सिस्टर असतेच. महिन्यातून एकदा तिच्याकडून कूस बदलणे, घास घालणे, लघवीच्या नळीची स्वच्छता, साखर कमी झाल्याची लक्षणे हे खाटेवर करून दाखवून घ्यावे. पुरुषांनाही बसवावे, पेशंट फक्त बायकांनीच सांभाळावा असे कोठे लिहिलेले नाही. मंडळाकडे चार पैसे असतील तर एक हवेची गादी आणि एक व्हीलचेअर घेऊन ठेवावी आणि लागेल त्या घरी फिरवावी. गावाहून शहरात पेशंट आणणाऱ्यांसाठी रात्रीच्या मुक्कामाची आणि डब्याची सोय ज्या मंडळांनी केली आहे, त्यांनी आम्हाला कळवावे. पत्ता याच पानावर छापू.

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते, कागद हातात येतो आणि गाडी बाहेर उभी असते. तरी निघण्याआधी सिस्टरांना किंवा शिकाऊ मुलीला एवढे विचाराच : कोणते औषध केव्हा आणि किती दिवस, जेवणाआधी की नंतर, काय खायचे नाही, कोणते लक्षण दिसले तर त्याच दिवशी परत यायचे, पुढची तारीख कोणती आणि कोणत्या ओपीडीत, जखम किंवा नळी असेल तर ती हाताळायची कशी, हे आमच्याकडून एकदा करून घ्या. मराठीत लिहून मागायला संकोच नको. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच. आणि महिनोन् महिने पेशंटची उस्तवार करून ज्याची स्वतःची झोप उडाली आहे, उगाच रडू येते, जेवण जात नाही, अशा घरच्या माणसासाठी १४४१६ हा सरकारचा ‘टेली-मानस’ क्रमांक आहे. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.